बसून करायचं काम

३ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा तुमच्या गुलाबाचे चाळीस खोके विमानतळावर जाळले, त्या कागदावरची सही माझी आहे. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच कळवतो. फुलांची जुडी पांढऱ्या कागदावर तीनदा आपटायची आणि काय पडलं ते भिंगातून बघायचं, एवढीच माझी नोकरी. तुमच्या जुडीतून दोन फुलकिडे पडले, जिवंत. एक पडला असता तरी चाळीसच्या चाळीस जाळावेच लागले असते. किडा परदेशी पोचला तर तिथले लोक आपल्या साऱ्या देशाची फुलं महिनाभर बंद करतात. खोक्यावर तुझ्या मालकाचं नाव वाचून हात थबकला, खोटं कशाला सांगू. पण बहिणीसाठी एकदा डोळा झाकला की पुढे झाकायची सवयच लागते.

फुलावर औषध किती आहे, ते मात्र आम्ही बघत नाही. फुलं कोणी खात नाही, त्यामुळे कागदावर तो रकानाच नाही.

सूनबाईला दिवस गेल्याचं वाचून फार बरं वाटलं. मी फुकटात आजोबा होणार. रागावलीस तरी लोभ आटवू नकोस.

तुझा,
भिंगोबा

१२ डिसेंबर

चि. भिंगोबास,
अनेक आशीर्वाद.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करू? लहानपणीही ताटातला खडा तुलाच सापडायचा आणि जेवण सगळ्यांचं खोळंबायचं.

मालकानं आठ दिवस सगळ्यांना घरी बसवलं. आता फवारणी दुप्पट केलीय आणि पानं सुकायच्या आत बायकांना तोडणीला ओळींत पाठवतात. वास अंगाला असा धरतो की आंघोळ करूनही घास तोंडाजवळ नेववत नाही. फवारणीचे पंप धुतलेलं पाणी ओढ्यात जातं. ओढ्याला बेडूक होते, ते आता ऐकू येत नाहीत.

सूनबाईला पाचवा लागलाय. चाळीस बायकांची मुकादम मी, आणि माझ्याच सुनेला त्या ओल्या ओळींतून वाकत फिरवू? तिला आतल्या खोलीत जुड्या बांधायच्या टेबलावर बसवलीय. बसून करायचं काम, सावलीतलं. बायका कुजबुजतात, सासूनं सुनेला गादीवर बसवलं. कुजबुजू देत. लेक ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. तिची काळजी मी नाही घ्यायची तर कोणी?

तुझा वशिला मला नको. पण किडा लपतो कुठं आणि मरतो कशानं, एवढं तरी सांगशील की नाही? पुन्हा खोके जळाले तर मालक कायमचं कुलूप लावील.

माया आहेच, ती काय पत्रात लिहायची.

ताई

२१ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

किडा पानावर नसतो, कळीच्या पोटात बसतो. वरून कितीही फवारा, त्याच्या अंगाला थेंब लागत नाही. एका कंपनीत जुडी बांधून झाली की डोकं खाली करून औषधाच्या बादलीत बुचकळतात आणि वीस आकडे मोजून काढतात. त्यांच्या जुडीतून माझ्या कागदावर वर्षभरात काही पडलेलं नाही. मालकाला सांगून बघ. शेतातली फवारणी कमी होईल, बायकांचा त्रास वाचेल, तुझे बेडूकही परत येतील. यात नियमाबाहेरचं काही नाही, म्हणून बिनधास्त लिहितोय.

सूनबाईला टेबलावर बसवलंस हे शहाणपणाचं केलंस. बायकांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस.

आमच्याच खात्याची माणसं तिकडे बंदरावर परदेशी गव्हाची जहाजं तपासतात. आपण आपल्या जमिनीत फुलं लावतो नि गहू विकत आणतो, असा सगळा शहाणपणा वरून ठरून येतो. आपण सह्या करायच्या. असो. अंतर पडू देऊ नये.

तुझा,
भिंगोबा

२ फेब्रुवारी

चि. भिंगोबास,
अनेक आशीर्वाद.

तुझी युक्ती लागू पडली. महिनाभरात एकही खोका जळाला नाही. मालकानं सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं आणि मी तुझं. निर्यातीची सवलत वाढलीय म्हणून ओढ्यापलीकडची गव्हाची जमीनही त्यानं घेतली. फवारणी मात्र एका थेंबानं कमी केली नाही. म्हणाला, दोन्ही केलेलं बरं.

बादली टेबलाशेजारीच असते. जुडी बांधायची, बुचकळायची, निथळायला टांगायची. बाहेरचा किडा आत येऊ नये म्हणून खिडक्या चिकटपट्टीनं बंद केल्यात. हातमोजे आहेत, पण रबरात गाठ बसत नाही म्हणून बायका त्यांची बोटं कापून टाकतात. संध्याकाळी बादली ओढ्यात. परवा मासे पोट वर करून काठाला लागले होते.

सूनबाईला सातवा. डोकं दुखतं म्हणते, हात थरथरतो, दुपारी उलटी होते. मी म्हटलं, पहिलटकरणीला होतं असं. मलाही होत होतं. बसून काम आहे, थोडं सोस. हसली आणि पुन्हा टेबलाशी गेली.

जपून राहा. विसर पडू देऊ नकोस.

ताई

८ फेब्रुवारी

ताई,

मायना राहू दे. सूनबाईला आजच्या आज त्या खोलीतून बाहेर काढ.

तुमच्या औषधाचं नाव खोक्यांबरोबर मालकानं जोडलेल्या कागदावर मिळालं. त्याच्या डब्यावरचा मजकूर मी आज पहिल्यांदा वाचला. बंद खोलीत वापरू नये. उघडी कातडी लागू देऊ नये. गरोदर बाईला जवळही येऊ देऊ नये. मी तुला बादली सांगितली तेव्हा मला फक्त किडा दिसत होता. दुसरं काही डोक्यातच आलं नाही.

मालकाच्या केबिनमध्ये दोनदा फोन केला. कारकून म्हणाला, कामाच्या वेळेत निरोप देत नाही. साहेबांकडे गेलो, म्हटलं आपल्या कागदावर औषधाचा रकाना घाला. त्यांनी समजावलं की फुलं कोणी खात नाही, आणि आपण नियम कडक केले तर गिऱ्हाईक शेजारच्या देशात जाईल. अहवाल लिहून दिलाय.

पत्र मिळताच उत्तर टाक.

भिंगोबा

२० फेब्रुवारी

चि. भिंगोबास,
आशीर्वाद.

तुझं पत्र तेराला पोचलं. दहालाच सगळं आटोपलं होतं. निरोप मला कोणी दिला नाही.

टेबलावरच तिला घाम फुटला. दवाखान्यात नेईपर्यंत पोटातली हालचाल थांबली होती. मुलगी होती. नाकीडोळी तुझ्यामाझ्या आईसारखी. मी दोन्ही हातांत धरली, तर वजन जाणवेना. डॉक्टरांनी कागदावर अशक्तपणा लिहिला. मी बादलीचं सांगितलं, तर म्हणाले, त्याची तपासणी इथं होत नाही.

बादली तू दिलीस, जागा मी दिली. दोघांनीही मायेनंच दिलं, याचं मी काय करू ते मला सांग. तिला मी काहीही सांगितलेलं नाही. लेकालाही नाही.

ताई

२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

मी येतो. तिच्यासमोर बसून सगळं सांगतो, मग ती देईल ती शिक्षा. तिचं तिला कळलंच पाहिजे. माझा अहवाल शेरा मारून परत आला, 'विषय खात्याच्या कक्षेबाहेर'. रोज कागद पांढराच्या पांढरा राहतो आणि मी सही करतो. तुझं उत्तर येईपर्यंत निघत नाही.

भिंगोबा

१५ मार्च

चि. भिंगोबास,
अनेक आशीर्वाद.

येऊ नकोस, असं लिहायला बसले होते. ये असंही लिहवत नाही. तू सांगितलंस तर तिला मामाही उरणार नाही आणि सासूही. नाही सांगितलं तर ती तिथंच बसणार. पंधरा दिवसांत कामावर परत गेली, घरात भिंती खायला उठतात म्हणाली. मी तिला टेबलावरून उठवायला बघते. बाहेर ये म्हणते, घरी राहा म्हणते, तर का म्हणून विचारते. ते सांगायला मला तोंड नाही. मी मुकादम, पण मालकच म्हणतो तिचा हात बसलाय, हलवू नका.

आज तिनं खाली दोन ओळी लिहायला जागा मागितली. काय लिहिलंय ते मी वाचणार नाही. तसंच पाकीट बंद करते.

ताई

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

तुम्हाला माझ्यामुळं फार वाईट वाटलं असं सासूबाई म्हणाल्या. माझी तब्येत आता बरी आहे. डोकं दुखतं, त्याची सवय झाली. तुमच्या युक्तीनं चाळीस जणींचं काम टिकलं, त्या सगळ्या तुमचं नाव काढतात. डॉक्टर म्हणाले, वर्षानं पुन्हा दिवस राहायला हरकत नाही. एक विनंती आहे. सासूबाई हल्ली मला टेबलावरून उठवायचं म्हणतात, कारण सांगत नाहीत. त्या तुमचं ऐकतात. पुढच्या खेपेला मला जपायचंय, तेव्हा बसून करायचं काम हातचं जाऊ नये. तुम्ही त्यांना तेवढं लिहा.

तुमची,
सूनबाई