अर्धा लांडगा, पूर्ण राखणदार

१५ ऑक्टोबर, रविवार
लाकडाच्या खोपटातून चेनसॉ चोरीला गेली. आम्ही दोघं चर्चमध्ये होतो तेव्हा, भरदिवसा. मार्गिता म्हणते, कुलूप लाव. कुलूप! मी दोन वर्षं सीमेवर काढलीत, लांडगकुत्र्यांच्या तुकडीत. असा एक प्राणी अंगणात असला की कुलूप लागत नाही. मार्गिता म्हणाली, तू त्या तुकडीत कुत्र्यांचं जेवण शिजवायचास. या बाईला तपशिलात फार रस.

२८ ऑक्टोबर
आणला! डोंगरापलीकडच्या एका माणसाकडून. सहा महिन्यांचा. आई कुत्री, बाप लांडगा. कागदपत्रं नाहीत, पण लांडगा सही कुठे करणार? नाव ठेवलं कर्नल. मार्गिता म्हणाली, तू साधा शिपाई म्हणून सुटलास, आता रोज उठून त्याला सलाम ठोक.
संकल्प: रोज सकाळी सहाला ट्रेनिंग, एक तास. शिस्त म्हणजे शिस्त.

२९ ऑक्टोबर
ट्रेनिंग रद्द. पाऊस.
कर्नलने सोफा खाल्ला. पूर्ण नाही.

८ नोव्हेंबर
गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेला. ओराव्कोवाबाई शिकलेल्या आहेत, पण फारच शिकलेल्या. म्हणाल्या, अडीच मीटर उंच जाळी घाला, खाली काँक्रीट. रोज चार माणसांत हळूहळू फिरवा. लहान मुलांजवळ एकटा सोडू नका. आणि घेतलात कशाला? राखणीला, म्हटलं. तर हसल्या. म्हणाल्या, लांडगा अनोळखी माणूस दिसला की लपतो, राखण करत नाही. राखणीला आपली मेंढपाळांची पांढरी कुत्री काय वाईट होती? रेबीजची लस टोचली, पण अर्ध्या लांडग्याला ती किती लागू पडते हे कुणी लिहून देत नाही, असंही म्हणाल्या. पुस्तकी ज्ञान.
बाकी गावात सगळ्यांना सांगून झालंय, बाप अस्सल लांडगा. पबमध्ये सगळे गप्प झाले होते. मजा आली.

२१ नोव्हेंबर
विजेचं मीटर बघणारा आला. कर्नल आंघोळीच्या टबात जाऊन बसला, माणूस गेल्यावर दोन तासांनी बाहेर आला. जुना डाव आहे: शत्रूला आत येऊ द्यायचं, मग परतीची वाट तोडायची. आज फक्त वाट तोडायची राहिली.

५ डिसेंबर
शेजारच्या अल्बिनचं बदक मेलं. कोल्ह्याचं काम. कर्नलच्या तोंडाला पिसं होती ती आमच्या उशीची. अल्बिन माझा शाळेपासूनचा दोस्त, पण बोलणं तिरकस. म्हणाला, वेंडेल, तुझा कोल्हा बदक घेऊन तुझ्याच अंगणात का रे गेला? त्याला आमची एक कोंबडी दिली. शेजारधर्म म्हणून, कबुली म्हणून नव्हे.
एक नोंद करायला हवी. मी हाक मारली की कर्नल आकाशाकडे बघतो. मार्गिताने नुसतं भांडं वाजवलं तरी धावत येतो. तिने त्याला बिघडवलाय.

२४ डिसेंबर
आमची लेक झ्देंका नाताळला आली नाही. फोनवर विचारत होती, बाबा, जाळी घातलीत का? म्हटलं, खांब आणलेत. ती म्हणाली, मग तुमचे खांब तुम्हाला लखलाभ, मी एम्काला आणणार नाही.
नात सहा वर्षांची आहे. तिच्याशिवाय हा पहिलाच नाताळ. मार्गिताने तळलेल्या माशाचं छोटं ताट सवयीने वाढलं, मग उचललं. मला फार वाईट वाटलं. माणसांना प्राण्यांवर विश्वासच नाही.

११ फेब्रुवारी
जमीन गोठलीय. खांब रोवता येत नाहीत.

१८ मार्च
जमीन मऊ झाली. कंबर धरली.

२५ मार्च
झ्देंकाचा फोन. ईस्टरला येऊ का, जाळी झाली का? झाली, म्हटलं. खोटं नाही ते. बाराही खांब उभे आहेत. जाळी हा फक्त उरलेला भाग.
एम्का येतेय! अंडी रंगवायला कांद्याची सालं जमवायला लागलो.

१ एप्रिल
आल्या. एम्काचे पुढचे दोन दात पडलेत, हसली की घर भरतं. झ्देंका खांबांकडे बघत उभी राहिली. म्हणाली, बाबा, ही जाळी? आत्ताच्या आत्ता परत निघते. एम्काने रडून गोंधळ घातला, तिला उद्या ईस्टरच्या रिवाजाप्रमाणे बादल्यांनी भिजायचं होतं. शेवटी मार्गिता मध्ये पडली. कर्नलला गॅरेजमध्ये घातलं, किल्ली स्वतःच्या अ‍ॅप्रनच्या खिशात. म्हणाली, पाहुणे जाईपर्यंत हा बाहेर येणार नाही, शब्द देते.
माझ्या घरात माझ्याच कर्नलला कैद.

२ एप्रिल, ईस्टरचा सोमवार, सकाळी ७
आज गावातले झाडून सगळे पुरुष बादल्या घेऊन येणार, बायका-पोरींना भिजवणार, अंडी आणि आलुबुखाराची दारू घेऊन पुढच्या घरी जाणार. सगळं गाव एकदमच अंगणात. अशी संधी वर्षातून एकदा. त्यांनी त्याला एकदा नीट बघायला हवं. साखळीवर, माझ्या हातात. पाच मिनिटं.
गॅरेजची दुसरी किल्ली माझ्याकडे आहे.

संध्याकाळी
जिल्ह्याच्या हॉस्पिटलचा बाक. पेन अल्बिनचं.
आठ-दहाजण होते. कर्नल माझ्या पायामागे थरथरत होता. कुणीतरी म्हणालं, हा राखणदार की तू? सगळे हसले. तेवढ्यात अल्बिनने बादली उचलली आणि एम्का किंचाळत पळाली. आनंदाने. या दिवशी पोरी तशाच पळतात.
साखळी माझ्या हातून सुटली. ओढली गेली. सुटली.
अल्बिनने ती बादली कर्नलच्या तोंडावर ओतली आणि त्याने एम्काचा दंड सोडला. नऊ टाके.
हे लिहिलं पाहिजे: तो खेळत होता.

नंतर
डॉक्टर फॉर्म भरत होते. विचारलं, प्राणी कोणता? कुत्रा, मी म्हटलं. साधा कुत्रा, बापाचा काय पुरावा आहे? झ्देंका भिंतीकडे तोंड करून उभी होती. अल्बिन म्हणाला, पाच महिने सगळ्या गावाला अस्सल लांडगा म्हणून सांगतोयस, आज कुत्रा झाला होय रे? डॉक्टर म्हणाले, कुत्रा असता तर त्याच्यावर नजर ठेवून थांबलो असतो. लांडग्याची भानगड असेल तर थांबता येत नाही.
रेबीजची पाच इंजेक्शनं. पहिलं आजच दिलं. दारातून ऐकलं.

९ एप्रिल
तिसरं इंजेक्शन झालं, मार्गिताने सांगितलं. झ्देंका माझा फोन उचलत नाही.
कर्नल गॅरेजमध्ये आहे, कपाटाच्या मागे. खात नाही. मी दार उघडलं की भिंतीला चिकटतो. त्याची काय चूक? कुणी त्याला माणसांत फिरवलं नाही.
कुणी म्हणजे मी. सकाळी सहाला एकदाही उठलो नाही.

२० एप्रिल
ओराव्कोवाबाईंच्या ओळखीची एक बाई व्हॅन घेऊन आली. असे नऊ प्राणी सांभाळते, उंच जाळीत. मार्गिताने भांडं वाजवलं, कर्नल तिच्यामागे गाडीत चढला. मी म्हटलं, कर्नल, चल बाळा. आकाशाकडे बघितलं त्याने.
गाडी वळेपर्यंत उभा राहिलो. मग बादल्या धुतल्या.

१६ जून
झ्देंकाने अखेर बोलावलं. मार्गिताबरोबर, दोन तासांसाठी. शहरात, त्यांच्या बिल्डिंगखालच्या बागेत.
योजना: माफी वगैरे मोठ्यांमध्ये नंतर. आधी एम्काला उचलून गोल फिरवायचं, तिला ते आवडतं. स्ट्रॉबेरी नेल्या.
घसरगुंडीपाशी होती. नवे दात आलेत. दंडावरची खूण लांबूनही दिसते. मी हाक मारली आणि दोन्ही हात पसरून धावलो.
ती पळाली नाही. जागच्या जागी उभी राहिली, हात अंगाला घट्ट चिकटवून, नजर जमिनीवर, ओठ मिटून.
झ्देंका मागून आली. हळू आवाजात म्हणाली, शाळेत शिकवलंय त्यांना. कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही. झाडासारखं उभं राहायचं, तो निघून जाईपर्यंत.
मी हात खाली घेतले आणि मागे सरकलो. बाकापर्यंत गेलो तेव्हा कुठे तिने मान वर केली.