ब्रह्महृदयाचा दिवा

मी, हर्बर्ट प्रॉसर, वय एकोणऐंशी, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार हॅचवुड, हेरफर्डशायर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल कॅप्टन टीसडेल यांचं मत वेगळं असेल. पण ते आमच्या रेडिऑनिक्स मंडळाचे अध्यक्ष आहेत, डॉक्टर नव्हेत. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. घर, बाग, कोंबड्या आणि बँकेतली शिल्लक पत्नी इनिड हिला.

२. माझी सगळी हत्यारं भाची ग्वेनथला. नेलेली वस्तू परत आणून देणारी आमच्या घराण्यात ती एकटीच. शिडी सात वर्षांपासून कॅप्टनसाहेबांकडे आहे. ती त्यांनाच राहू द्यावी, फक्त मला माहीत होतं एवढं त्यांना कळवावं.

३. आता माझी रेडिऑनिक्सची, म्हणजे दुरून रोग बरे करायची पेटी. थाळीवर आजारी गाईच्या शेपटीचे केस ठेवायचे, नऊ चकत्या फिरवून त्या रोगाच्या आकड्यांवर आणायच्या, की गाय तिकडे कुरणात बरी होते. सन १९६६ मध्ये मी पेटीतला सेल काढून टाकला आणि तिला ब्रह्महृदय ताऱ्यावर लावलं. हा तारा आमच्याकडे मावळत नाही, म्हणजे पुरवठा खंडित व्हायची भीती नाही. तरी चार दिवस पेटीवरचा दिवा लागेना. मी पेटीसमोरून उठलो नाही, धड जेवलोही नाही. पाचव्या सकाळी दिवा लागला.

"लागला ना एकदाचा?" इनिड म्हणाली. "आता तरी खाऊन घे. अंडं गार झालं."

मंडळात माझं भाषण झालं, टाळ्या पडल्या. कॅप्टनसाहेबांनी आपल्या पेटीसाठी व्याधाचा तारा धरला होता. त्यांचा दिवा अजून लागायचा आहे.

तीन वर्षांनी बटण बदलायला मी मागचं झाकण उघडलं. आत सेल होता, खडखडू नये म्हणून हिरव्या लोकरीत गुंडाळलेला. त्याच लोकरीचा, इनिडने विणलेला स्वेटर माझ्या अंगात होता. जन्मभर टेलिफोनच्या तारा जोडणाऱ्या माणसाला हे कळायला तीन वर्षं लागली, यावर कुणी हसल्यास माझी हरकत नाही. मी झाकण लावून टाकलं. आधी लाजेपायी बोललो नाही; पुढे बोलावंसं वाटलं नाही, कारण कुणीतरी आपल्यासाठी एवढं करतंय हे मला फार आवडलं. गाई मात्र ताऱ्यानेच बऱ्या झाल्या, यावर मी ठाम आहे.

४. गेली दोन वर्षं इनिडच्या लक्षात काही राहत नाही. एकदा दिवा विझला. ती स्वयंपाकघरात पेटीसमोर उभी राहून रडू लागली.

"हर्बर्ट, माझं काहीतरी करायचं राहून गेलंय रे. काय ते आठवत नाही."

"काही राहिलं नाही," मी म्हणालो. "जा, कोंबड्या बघून ये."

ती येईपर्यंत मी नवा सेल घातला.

"बघ, लागला," ती म्हणाली. "उगीच घाबरवतोस मला."

तेव्हापासून दर गुरुवारी ती चर्चमध्ये फुलं मांडायला गेली, की मी सेल बदलतो. माझ्यामागे हे काम ग्वेनथने करावं. इनिड आहे तोवर पेटी स्वयंपाकघरातून हलवू नये, आणि हे कलम तिच्यासमोर वाचू नये. वकील मि. ल्यूटी म्हणाले, "सेल बदलायचं कलम मी आजवर लिहिलेलं नाही." मी म्हणालो, "मग आज लिहा."

५. इनिडच्या पश्चात पेटी मंडळाला द्यावी. कॅप्टनसाहेबांनी भरसभेत मागचं झाकण उघडावं आणि कलम तीन व चार मोठ्याने वाचावं. माझं नाव जाईल, ते जाऊ द्यावं. मंडळाच्या नोंदवहीत १९६६ च्या पानावर दिवा लावणारा म्हणून माझं नाव आहे, ते खोडून तिचं लिहावं: इनिड प्रॉसर.

वरील मजकूर मी वाचला, पटला, आणि दोघांच्या देखत सही केली.

हर्बर्ट प्रॉसर

साक्षीदार: १. सिरिल मॅपस्टन, पोस्टमन. २. ऑलिव्ह बेनियन, शेजारीण.

हॅचवुड, गुरुवार, १४ मे १९८१, इनिड चर्चमधून परतण्यापूर्वी.