अक्काचा कागद

१२ जाने., रवि.
सकाळी पुसेगावहून दाजींचा फोन. "डाक्टर, तुमच्या अक्काला लई दम लागून राहिला. चार पावलं चालली की बसून घेती." घेऊन या म्हणालो. अकराला आले. पायांवर सूज, बोट दाबलं की खड्डा. नाडी हातात घेतली तेव्हाच कळलं, ठोक्यांना ताल नाही. ई.सी.जी. नुसता नावाला काढला. एट्रियल फिब्रिलेशन, वर हार्ट फेल्युअर. इथं हिंगोलीला, माझ्या दवाखान्यातच ठेवून घेतली.
हृदयाचा इको केला. पंप चांगला. डावा वरचा कप्पा मात्र फुगून बसलाय. असा कप्पा महिन्या-दोन महिन्यांत होत नाही.
आणि हा मी आधी पाहिलाय.

१३ जाने., सोम.
अंगावरचं पाणी उतरतंय. अक्का सिस्टरवर ओरडली, चहा पांचट आहे म्हणून. म्हणजे सुधारतेय.
दोन वर्षांपूर्वी नवं इको मशीन आलं तेव्हा ती पाहायला आली होती. मीच हौसेनं टेबलावर झोपवली. "हे बघ तुझं काळीज." ती लहान पोरीसारखी स्क्रीनकडे बघत होती. आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं, तिला काहीतरी दाखवायचं होतं मला. कप्पा मोठा दिसला, तेवढ्यात वरच्या घरातून बायकोची, सुजाताची हाक, ताटं वाढलीत. रिपोर्ट काढलाच नाही. आमच्याकडे घरच्यांचा कधीच काढत नाहीत. फाईल नाही, पुढची तारीख नाही. जेवताना म्हणालो, "अक्का, मीठ कमी कर." बस.

१५ जाने., बुध.
दुपारी ओ.पी.डी. संपल्यावर मशीनमध्ये शोधलं. नाव टाकलंय नुसतं 'अक्का'. वय नाही, आडनाव नाही. चित्रं आहेत. त्यांच्यावरून आज मापं घेतली, तेव्हा घेतलीच नव्हती. कप्पा तेव्हाही मोठा. हृदय ताठर, आतला दाब वाढलेला. बी.पी.च्या पेशंटमध्ये हे दिसलं की पुढं ताल बिघडू शकतो, दम लागू शकतो. बाहेरची बाई असती तर लिहून दिलं असतं: बी.पी. कडक ठेवा, दर भेटीला नाडी बघू, सहा महिन्यांनी पुन्हा इको.
नक्की टळलं असतं असं नाही. हे वाक्य दिवसभरात किती वेळा म्हटलं स्वतःशी. पेशंटचे नातेवाईक विचारतात तेव्हा हेच सांगतो, तेव्हा इतकं फोल वाटत नाही.

१८ जाने., शनि.
दाजी बाहेरच्या बाकावर सगळ्यांना सांगून राहिले होते, "घरात डाक्टर हाये म्हणून वाचली. न्हाई तर काही खरं नव्हतं." मी दारात उभा. ऐकून घेतलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. लाज वाटली.

१९ जाने., रवि.
अक्काला घरी सोडली. रक्त पातळ करायची गोळी चालू. गुठळी होऊन लकवा मारू नये म्हणून, एकही चुकवायची नाही. "न्हाई चुकवत," म्हणाली. तिचं तसं चुकत नाहीच काही.

२६ जाने., रवि.
पुसेगावला गेलो. मी नको म्हणत असताना अक्का तिच्या अंगणवाडीत झेंड्याला जाऊन आली होती. सूज नाही. नाडी बेतालच, पण वेग कमी. समोर लेकरांच्या वजनाचं रजिस्टर उघडं.
सांगून टाकलं. दोन वर्षांपूर्वी दिसलं होतं म्हणून.
"मंग तवा काहून न्हाई बोलला?"
खरं तेच सांगितलं, जेवायला बसायचं होतं.
तिनं रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाली, "गावातल्या दर लेकराचं वजन मी दर महिन्याला लिहिती, राजू. माझ्या नातवाचं बी. घरचंच हाये म्हणून एक महिना सोडला न्हाई."
चहा दिला. स्वतः घेतला नाही.

२ फेब्रु., रवि.
दाजींचा फोन. गुरुवारी नांदेडच्या डॉक्टरकडे जाणार. "तिथं सगळं कागदावर देतात म्हने." गाडी घेऊन येतो म्हणालो. दाजी आवाज दाबून म्हणाले, "ती म्हनती, एस.टी.नं जाऊ. तुमी नका येऊ." सुजाता म्हणते, राग उतरेल. राग असता तर मला शिव्या घातल्या असत्या.

६ फेब्रु., गुरु.
सकाळी लवकर बसून रिपोर्ट टाईप केला. पूर्ण नाव, वय, सगळी मापं. वर स्पष्ट लिहिलं: तपासणी दोन वर्षांपूर्वीची, रिपोर्ट आज. नांदेडवाल्याला तुलना करता येईल. आणि तो मला काय म्हणेल तेही माहीत आहे.
हिंगोली स्टँडवर गाठलं. ते नांदेडच्या गाडीत बसलेले. खिडकीतून कागद दिला. अक्कानं चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. दाजी माझ्याकडे बघेनात. कंडक्टर चढला.
तिनं कागद परत खिडकीबाहेर धरला. मला वाटलं, नको म्हणतेय.
"ह्याच्यावर सही न्हाई तुझी."
गाडीच्या पत्र्यावर कागद धरून सही केली. तिनं घेतला, घडी घालून पिशवीत ठेवला. गाडी गेली.
आता चार वाजलेत. तपासणी झाली असेल. फोन नाही.