जॉयस्टिकची चाळणी

३ फेब्रुवारी, मंगळवार

डावीकडे ढकललं की उजवीकडे जातंय म्हणे! काल मोठ्या थाटात माझ्या कोडचा नवा रिलीज सोडला आणि आज दात घासता घासता फोन उघडला तर ही तक्रार. कुणाची? घुबडाची. खरं नाव माहीत नाही, फोटोच्या जागी घुबड लावलंय म्हणून घुबड. कुठे राहतो देव जाणे, पण माझ्या कोडमधली चूक त्याला माझ्याआधी दिसते. तक्रार मात्र शिस्तीत लिहितो. मी तीन प्रश्न ठेवलेत — काय केलंत, काय व्हायला हवं होतं, काय झालं. तिन्हींची उत्तरं देतो. बाकीचे नुसतं ‘चालत नाही’ लिहून मोकळे. अरे, काय चालत नाही? मी काय ज्योतिषी आहे?

आईचं पालुपद सुरू आहेच — घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या. आता तिला किती वेळा सांगू? कंपनीने ही जॉयस्टिक बनवणं बंद केलं, तिला कॉम्प्युटरशी जोडणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, वाऱ्यावर सोडला, आणि ज्यांच्याकडे ती अजून आहे ते सगळे माझ्या लायब्ररीच्या, म्हणजे मी फुकट वाटलेल्या कोडच्या, गळ्यात पडलेत. सुरुवात खरं तर बाबांमुळे झाली. रिटायर झाले, बंदरावरची क्रेन सुटली, पण हात शिवशिवायचे. कॉम्प्युटरवर क्रेन चालवायला कुठून तरी ही जुनी जॉयस्टिक घेऊन आले, तर ती कॉम्प्युटरशी बोलेना. मग मी मध्ये दुभाषी झाले. एकासाठी केलं, आता जगाचं निस्तरतेय.

४ फेब्रुवारी

एक वजा चिन्ह! त्याच्यापायी अख्खी संध्याकाळ गेली. दुरुस्त केलं. चूक दाखवणाऱ्याचं नाव रिलीजच्या टिपेत घालायची पद्धत आहे, तसं घुबडाचं घातलं. त्याने हसरा चेहरा पाठवला. घुबड हसतं!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबा शीळ घालतायत! क्रेन शिकवणाऱ्या सेंटरच्या सरांचा फोन आला होता. हे सर कधीकाळी बाबांच्या हाताखाली शिकले. त्यांना जुना जाणता माणूस हवाय, आठवड्यातून तीन दिवस. आधी मुलांना स्क्रीनवर शिकवायचं, मग त्यांना घेऊन खऱ्या क्रेनवर चढायचं. वीस तारखेला सगळ्या मास्तरांसमोर स्क्रीनवरची क्रेन चालवून दाखवायची — कंटेनर उचलायचा आणि रंगवलेल्या चौकोनात अलगद ठेवायचा. बस्स. बाबांसाठी डाव्या हाताचा खेळ. आणि गंमत म्हणजे सेंटरच्या कॉम्प्युटरवर लायब्ररी आहे ती माझीच! हे ऐकल्यापासून आई लष्कराचं नाव काढत नाहीये.

बाबांनी आत्ताच शर्ट इस्त्रीला टाकला. वीस तारीख कुठे, आज कुठे! आई स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, “मिळू दे गं हे काम. घरात बसून माणूस पार मिटून गेलाय.” मला तर हे बाबांपेक्षाही जास्त हवंय.

८ फेब्रुवारी, रविवार

बाबा सरावाला बसले आणि स्क्रीनवर क्रेनचा हूक नुसता झुलत राहिला. कंटेनर चौकोनावर येतो आणि तिथेच डुगडुगतो. दोनदा प्रयत्न केला, मग उठले. म्हणाले, “म्हातारी झाली तुझी जॉयस्टिक.” माझी! आणलीत तुम्ही, म्हटलं.

लॉग काढला, म्हणजे आलेल्या आकड्यांची नोंद. जॉयस्टिक सतत आकडे पाठवत असते — दांडी मधोमध असली की ५१२. बाबांच्या सरावात तो आकडा मधोमध ठरतच नाही, पाच-सहाने वर, पाच-सहाने खाली. निदान झालं! आतले भाग झिजले. उघडली, धूळ झटकली, पुसलं, स्प्रिंग बघितली, बंद केली. बाबांनी परत धरली तर पुन्हा तेच. स्क्रू मात्र एक उरला. कुठला, ते विचारू नये.

११ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं! यंत्र झिजलं तर झिजलं, चाळणी कोडमध्ये लावायची. छोटे, भराभर येणारे हेलकावे गाळून टाकायचे, मोठी हालचाल तेवढी पुढे पाठवायची. लावली आणि बाबांना बसवलं. हूक ओळंब्यासारखा सरळ! कंटेनर चौकोनाच्या बरोब्बर मध्ये.

मी टाळ्या पिटल्या. बाबा जरा वेळ स्क्रीनकडेच बघत होते. मग म्हणाले, “वा.” एवढंच. बाबांचा ‘वा’ म्हणजे पदकच की! नवा रिलीज सोडला. सेंटरच्या सरांनाही कळवलं, तिकडे लगेच बसवून घ्या म्हणून.

१२ फेब्रुवारी

घुबड: नवी आवृत्ती झोपेत चालल्यासारखी वाटते. चाळणी कशाला?

मी: जॉयस्टिक झिजल्या आहेत म्हणून.

घुबड: माझी नाही झिजली.

नाही तर नाही! नशीबवान आहेस.

१५ फेब्रुवारी, रविवार

सराव जोरात. बाबांचा रुबाब काय वर्णावा! पेपरसुद्धा हल्ली टेबलावर पसरून वाचतात, साहेबासारखे. चहा मात्र अर्धाच कप मागतात. आई म्हणते, नोकरी लागायच्या आधीच यांचं पथ्य सुरू झालं.

घुबडाच्या सुरात आता आणखी तिघांनी सूर मिसळलाय. दांडी हलवली की क्रेन विचार करून हलते म्हणे. वीस तारीख होऊ दे, मग बघते तुमच्याकडे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

घुबडाने पुन्हा छेडलं. दांडीला कुणीही हात लावू नका आणि तसा लॉग टाका, म्हणतो. म्हटलं टाकते, एकदाचं तोंड बंद होईल. बाबा बाहेर गेले होते. मी चाळणी बंद केली, हात मांडीवर ठेवून बसले.

५१२. ५१२. ५१२. नुसतं ५१२.

मी स्वतः धरून पाहिली. एखादा आकडा इकडे, एखादा तिकडे. केबल बदलली, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली. तेच. जॉयस्टिक ठणठणीत आहे.

इतक्या दिवसांत बाबांनी दांडी सोडल्यावर काय होतं, हे मी एकदाही पाहिलं नाही. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला दोष यंत्रातच दिसतो. पेपर टेबलावर का, चहा अर्धा का, ते आत्ता कळतंय. मला खूप भीती वाटतेय.

१९ फेब्रुवारी

बाबांना सांगू? उद्या स्क्रीनच आहे. चाळणी आहे. कुणाला काही दिसणार नाही, काम मिळून जाईल. पण मग खरी क्रेन येईल. तिथे माझी चाळणी नाही आणि खाली माणसं उभी असतात.

सकाळपासून बाबांनी शर्ट दोनदा घालून पाहिला. नाही सांगितलं. हिंमतच झाली नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कंटेनर चौकोनात असा बसला की मास्तर लोक उभे राहिले! सर सगळ्यांना सांगत होते, यांनीच मला शिकवलं. सोमवारपासून या म्हणाले. आईला फोन केला तर ती रडायलाच लागली. मी हसत होते. हसण्याशिवाय काय करणार होते?

बाबा मात्र दोन्ही हात खिशात घालून उभे. सरांनी हात पुढे केला तेव्हा यांनी लांबूनच नमस्कार केला.

येताना गाडीत बाबांनी एकदम विचारलं, तुझ्याकडे तक्रार कशी करतात गं? मला वाटलं, विषय काढायचा म्हणून काढलाय. सांगितलं — खातं उघडायचं, तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. तेवढंच? तेवढंच, म्हटलं. तेव्हाही जिभेवर होतं, पण नाहीच बोलले.

२१ फेब्रुवारी, शनिवार

लायब्ररीवर नवी तक्रार. नवं खातं, फोटो नाही. तिन्ही उत्तरं शिस्तीत.

काय केलंत? — ‘दांडीवर हात ठेवला. मग काढला.’

काय व्हायला हवं होतं? — ‘हात थरथरला तर क्रेन थरथरली पाहिजे. बघणाऱ्याला ते दिसलं पाहिजे.’

काय झालं? — ‘चाळणीने झाकलं. जॉयस्टिक चांगली आहे. सरांना सकाळीच फोन केला, खऱ्या क्रेनवर मी चढणार नाही. स्क्रीनपुरता चालत असेन तर बघा, म्हटलं. सोमवारी आधी डॉक्टरांकडे जायचंय. तू चल.’

रडले. मग चाळणी काढली आणि रिलीज सोडला. टिपेत पद्धतीप्रमाणे लिहिलं — चूक दाखवणारे: बाबा.