आईचा बारीक डोळा

४ फेब्रु. ४६, भिंगार
अडीच वर्षांनी परत. नाताळलाच येणार होतो, पण मनमाडला एका सर्कशीच्या तंबूवाल्यांबरोबर लागलो नि राहिलंच. आई गेल्याचंही असंच उशिरा कळलं, दोन महिन्यांनी.
दाऊदनं मिठी मारली. स्टुडिओ आम्ही दोघांनी मिळून काढलेला, आता पाटीवर तो एकटाच. म्हणाला, "गड्या, तुजी निगेटिव्ह समदी वलीनं गेली. एक न्हाई ऱ्हायलं."
आईचा फोटो मी एकदाच काढला होता, निघायच्या आदल्या दिवशी. फिल्म धुतली, छापायची राहिली. म्हणजे तोही गेला.

५ फेब्रु.
डार्करूम. दाराला घोंगडी, कंदिलाला लाल कागद, सगळं तसंच. खाटेखाली माझ्या फोटोच्या कागदाचं पाकीट सापडलं, लढाईआधीचा माल. दाऊदनं काढलेला एका शिपायाचा फोटो छापून बघितला. कडा करड्या पडतात, मधला माणूस बरा उठतो. फोटो पक्का करायच्या पाण्याच्या, हायपोच्या, वासानं उगीच भूक लागली. हात काही विसरले नाहीत.

८ फेब्रु.
दोन दिवस कुस्त्या बघण्यात गेले. आज शोकेस नीट बघितली. आई! सुपात ज्वारी पाखडतेय. मोठा करून, फ्रेम घालून, खाली दा.ची सही.
"मीच काढला. तू गेल्यावर आल्ती, तुजी खबर विचाराया."
मीही तिला सुपासकटच टिपलं होतं, पण ती रोजच पाखडायची; खरंच वाटलं मला. जेवायला बसलो आणि... देवीच्या आजारात आईचा डावा डोळा बारीक झालेला. फोटोत उजवा. फिल्म उलटी ठेवून छापलीय. जो तिच्यासमोर कॅमेरा घेऊन उभा राहिला, त्याला हे कळलं नसतं?
घास तसाच.

१० फेब्रु., रविवार
दा. चर्चमध्ये उपासनेला गेला. मी त्याची ट्रंक उघडली. माझी निगेटिव्ह सगळी शाबूत, कोपऱ्यावर माझी कात्रीची खूण. आईचं सरळ ठेवून माझ्या जुन्या कागदावर छापलं. धुक्यातून यावी तशी आली. डोळा डावा. आणि दा.नं त्याच्या फोटोत कापून टाकलेल्या तळाच्या भागात, तिच्या पायाशी, माझी सावली. कॅमेरा पोटाशी धरलेली.
घोंगडी सरकली. दा.
"मागितला असतास तर दिला असता," मी म्हणालो.
"कुनाकडं मागू? हुतास कुठं तू? तिच्या पेटीला खांदा मी दिला."
"मग तेच सांगायचं. मी काढला म्हणून कशाला..."
तो घोंगडी परत ओढून बाहेर गेला. मी निगेटिव्ह खिशात घातलं.

११ फेब्रु.
उन्हात वाळत टाकलेला फोटो तपकिरी पडत चाललाय. हायपो शिळा होता. उद्यापर्यंत ती दिसायची नाही. माझे कागद दोनच उरलेत. ताजा हायपो दा.च्या कपाटात, किल्ली त्याच्या कमरेला. निगेटिव्ह माझ्या खिशात. तो ते मागत नाही, मी किल्ली मागत नाही.
बाहेर स्टोव्ह पेटलाय. दोन कप मांडल्याचा आवाज आला. शोकेसमध्ये आई अजून उलटीच आहे.