चिमण्या नसलेली चिवचिव

टेमघर, मंगळवार, २२ नोव्हेंबर १९९४

वंदी परवा नॉर्वेला चालली, दोन वर्षांसाठी. तिच्या लाडवांचं बेसन चाळत होते, तर आतल्या खोलीत चिमण्यांचा कलकलाट. चाळण हातात घेऊनच धावले, हुर्र हुर्र करत. चिमणी एक नाही! पोरगी टेपरेकॉर्डरपुढे बसून पोट धरून हसतेय.

"आई, चिमण्या नाय या. पृथ्वीच्या बाहेर लहरी उठतात, त्यांचा आवाज केलाय."

लहरी कसल्या? तिथे पाणी नाही, वारा नाही. मग हलतं काय? मी तडकलेच. "नीट सांग, नायतर बंद कर ते."

तिने माझी चाळणच घेतली. म्हणे, वर विजेचे बारीक कण अडकलेले असतात, या बेसनासारखे. लहर आली की टपली बसते, थोडे खाली सांडतात, नॉर्वेच्या आभाळात उजेडाचं ठिगळ पेटतं. लहर थांबली की विझतं. परत पेटतं. हेच बघायला ही एवढ्या लांब चालली.

"घरात एकाला तरी कळू दे गं, मी कशाला जाते ते. कळलं का?"

"कळलं, कळलं. बेसन सांडू नको."

खोटं बोलले. चाळण कळली, पण टपली मारणारा हात कुणाचा? आणि हात नाहीच तर टपली कशी? उद्या लाडू वळताना परत विचारीन, न ओरडता. नाहीच कळलं तर ती कॅसेट इथे ठेव म्हणेन. कळो न कळो, घरात चिवचिव तरी राहील.