क्रिस्टलचा ठोका पडेना

३ मार्च
बायकोने इन्क्युबेटरमध्ये बारा अंडी ठेवली. दिवसातून तीन-चारदा फिरवावी लागतात, नाहीतर पिल्लू आत चिकटतं म्हणे. ती तयार टायमर मागवत होती. म्हटलं, घरात इंजिनिअर असताना? एक मायक्रोकंट्रोलर, एक क्रिस्टल, छोटी मोटर. उद्या संध्याकाळी ट्रे आपोआप हलेल. तोवर हाताने फिरव.

५ मार्च
सर्किट मुकं. क्रिस्टलचा ठोका पडला तरच चिप जागी होते, आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर, जिथे ठोका लाटेसारखा दिसायला हवा, तिथे सरळ रेघ. आपली शिस्त मात्र सोडली नाही: आधी स्कोपचा प्रोब, म्हणजे तपासणीची वायर, क्रिस्टलच्या पायाला, मग स्विच. बंद करतानाही आधी स्विच, मग प्रोब. न बघता करंट देणारे गाढव वेगळे.
निष्कर्ष: क्रिस्टल बोगस.

८ मार्च
नवा क्रिस्टल. सरळ रेघ. दुकानदाराला फोनवर फैलावर घेतलं. म्हणाला, बाकी कोणाची तक्रार नाही. बाकीचे तपासत नसतील.

९ मार्च, सकाळ
आजपासून चिडायचं नाही.

९ मार्च, दुपार
कपॅसिटर बदलले. सरळ रेघ. सोल्डरिंग आयर्न आपटलं, टोक वाकलं. हल्ली कशालाच दर्जा राहिलेला नाही.

१२ मार्च
मेहुणा आला. कॉलेजात फिजिक्स शिकवतो, म्हणजे आयुष्यात काही दुरुस्त केलेलं नाही. म्हणाला, भावोजी, एकदा प्रोब न लावता चालू करून बघा, नाजूक सर्किट आहे, प्रोबनेच अडत असेल. डोकंच फिरलं. म्हटलं, नाडी न धरता पेशंट जिवंत आहे हे कसं कळणार? त्याने चहाचा कप उचलला. हरला की चहाच पितो.

१५ मार्च
तिसरी चिप. सरळ रेघ. बायको दुपारच्या सुट्टीत ऑफिसातून धावत येते आणि अंडी फिरवते. प्रत्येकावर पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. म्हटलं, जरा धीर धर. म्हणाली, धीर अंड्यांना धरायला सांगा.
या घरात संशोधनाला पोषक वातावरण नाही.

१८ मार्च
तिची मीटिंग होती. दुपारी मला फिरवायला सांगितलं होतं म्हणे. मी सोल्डरिंगमध्ये होतो, विसरलो. तिने आल्याआल्या बाराही अंडी स्वतः फिरवली. ओरडली असती तर भांडता तरी आलं असतं.

२१ मार्च
संताप अनावर. स्विच चालू असतानाच प्रोब हिसकून काढला. दिवा लुकलुकला, मोटर फिरली. प्रोब लावून पुन्हा चालू केलं, मुकं. काढून केलं, चालू. म्हणजे पहिल्या दिवसापासून मी बघत होतो म्हणूनच बंद होतं. दोष स्कोपचा. मेहुण्याला कळवण्याची गरज नाही.
बोर्ड घेऊन धावत गेलो. बायको इन्क्युबेटरच्या झाकणाला चिकटपट्टी लावत होती. म्हणाली, आजपासून फिरवायची नसतात. शेवटचे तीन दिवस हात लावायचा नाही, झाकणही उघडायचं नाही. मी विचारलं, मग याचं काय करू? म्हणाली, छान झालंय.

२४ मार्च
अकरा पिल्लं. घरभर चिवचिवाट. मेहुण्याने बहिणीचं अभिनंदन केलं, माझं नाही.
बारावं अंडं फुटलं नाही. ती टाकायला निघाली होती. म्हटलं, थांब, अजून काही सिद्ध झालेलं नाही. माझ्या ट्रेमध्ये ठेवलंय. यंत्र अगदी वेळेवर फिरवतंय, फुली, गोल, फुली. सारखं जाऊन बघावंसं वाटतं.
बघत नाही.